पाहुण्याची खाट

लिटल होप, कोरेन्टाइन किनारा, गयाना
२० फेब्रुवारी

सिव भाय, सीताराम.

मिनीबसवाल्या रामदेहोलच्या हाती हे पत्र आणि आंब्याच्या अचाराची बरणी पाठवतो आहे. बरणी उभी ठेव असं त्याला बजावलं आहे. पण तो गाडी कशी हाकतो ते तुला माहीत आहे. पत्राला तेल लागलं असेल तर सांभाळून घे.

इकडे बरं चाललं आहे. भाताला पाणी जास्त झालं होतं, आता उतरतं आहे. कोकरचं काम अजून माझ्याकडेच आहे. ओहोटी लागली की बंधाऱ्याचं दार उघडून गावाचं पाणी समुद्रात सोडायचं, भरती आली की दार बंद. या कामात माणसाला विचार करायला वेळ फार मिळतो, तोच त्रास.

टेकचंदनं या हंगामात गयानासाठी दोन शतकं केली. तू मैदानात बसून पाहिलीस, मी चेतरामच्या दारूच्या दुकानात रेडिओवर ऐकली. मी पीत नाही म्हणून चेतराम मला खुर्ची देत नाही, उभा ठेवतो. दुसऱ्या शतकाला मात्र त्यानं स्वतःची खुर्ची दिली. म्हणाला, "बस दूधनाथ, आता तू टेस्टवाल्याचा बाप होणार. सिव बसलाय ना तिथं निवड समितीत! लिटल होपचा माणूस लिटल होपच्या पोराला विसरतो काय?" मग त्यानं भिंतीवरचा तुझा फोटो पुसला. तोच, टेस्टच्या मरून रंगाच्या टोपीतला. इतकी वर्षं झाली, पण गावात नवा माणूस आला की चेतराम त्याला आधी तो फोटो दाखवतो, मग दारू.

सहाव्या नंबरला फलंदाज कोण, यावर रेडिओवाले रोज भांडतात. पहिली टेस्ट जॉर्जटाउनला आहे. मी काही मागत नाही, सिव. आपण दोघं सलामीला जायचो तेव्हाही धाव मागायची तुलाच सवय होती.

देवाजवळ मात्र मागितलं आहे. पंडितजी म्हणाले, "काय हवं ते नीट शब्दांत सांग." मी म्हटलं, माझ्या पोराच्या डोक्यावर ती टोपी चढू दे, चढली की अंगणात हनुमानजींची लाल झेंडी लावीन. बांबूही कापून ठेवला आहे.

आणखी एक. टोरांटोहून बहीण बसमतीनं भाच्याचे तिकडे कायमचं जायचे कागद करून पाठवले आहेत. तीस मार्चला वकिलातीत मुलाखत आहे. मी टेकला म्हटलं, आधी टेस्टचं काय ते कळू दे. त्याची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच आहोत. जास्त लिहीत नाही.

तुझा
दूधनाथ


किटी, जॉर्जटाउन
२७ फेब्रुवारी

दूधनाथ भाय, सीताराम.

समितीच्या माणसानं खेळाडूच्या बापाचं अचार खाऊ नये, असं मी कौसिल्याला सांगेपर्यंत तिनं बरणी उघडली होती. आता परत पाठवता येत नाही. तिखट पूर्वीपेक्षा कमी वाटलं. हात म्हातारा झाला की मिरची?

यादीबद्दल मला बोलता येत नाही. समितीत बसताना तोंड बंद ठेवायचा शब्द दिला आहे, तो तू मला मोडायला लावणार नाहीस.

मात्र एक कर. टेकला रोज सकाळी काथ्याच्या मॅटवर पाणी शिंपडून खेळव. चांगलं भिजव. चेंडू उसळेल, आत-बाहेर जाईल. त्याचा पुढचा पाय लांब पडत नाही, फिरकीला तो नुसत्या मनगटावर निभावून नेतो. आपल्याकडे चालतं ते, सगळीकडे चालत नाही. घाई नको. एकवीस वर्षांचा आहे. मे महिन्यात संघ इंग्लंडला जायचा आहे, तोवर वेळ आहे.

आणि वकिलातीची तारीख चुकवू नका. कागद हातात असलेले बरे. कौसिल्या तुला रामराम सांगते आणि बरणी रिकामी झाली की परत पाठवणार म्हणते. त्याचा अर्थ तुला कळेलच.

तुझा
सिवदत्त


लिटल होप
८ मार्च

सिव,

मॅट रोज भिजवतो. तू सांगितलंस म्हणून. काल एक चेंडू उसळून टेकच्या बरगडीवर बसला. हळद लावताना मला म्हणतो, "पप्पा, सिव चाचाला माझ्यात काय कमी दिसतं?" मी म्हटलं, पाय. तो म्हणाला, "दोन शतकं काय डोक्यावर उभा राहून केली?"

काल रेडिओवाला म्हणाला, सहाव्या जागेसाठी टेकचंदचं नाव निघालं, पण गयानाच्या प्रतिनिधीनंच आग्रह धरला नाही असं कळतं. दुकानात रेडिओ बंद झाला. मग कोणीतरी म्हणालं, "शहराचं पाणी लागलं त्याला." दुसरा म्हणाला, "टाय बांधली की मान वळत नाही रे, मागचं गाव दिसणार कसं!" चेतराम उठला आणि तुझा फोटो उलटा करून टांगला. म्हणाला, "बघ म्हणावं जरा भिंतीकडे."

मी त्याला अडवलं नाही. सगळे गेल्यावर फोटो सरळ केला, पण सगळे असताना अडवलं नाही, हे तुला कळावं म्हणून लिहितो आहे.

तू लिहितोस घाई नको, आणि त्याच पत्रात लिहितोस तारीख चुकवू नका. याचा अर्थ मी काय लावू? पोर इथून गेलेलं तुला बरं पडेल? बसमती लिहिते की ही मुलाखत हुकली तर पुन्हा रांगेच्या शेवटी. आणि टेक म्हणतो, संघात घेतलं नाही तर मी जातो, टोरांटोला चुलतभावाबरोबर बर्फ उपसतो. म्हणजे तू नाव घेतलं नाहीस तर पोरगा जाणार आणि मी या घरात कोकरच्या दारासारखा एकटा उभा राहणार.

गावाला एक टेस्टवाला पुरे, असं तुला वाटत असेल तर सरळ लिही. मी चेतरामला सांगेन, फोटोला पक्का खिळा मार.

दूधनाथ


किटी, जॉर्जटाउन
१२ मार्च

दूधनाथ भाय,

तुझं पत्र वाचून पूजेला बसलो, पण मन लागलं नाही. म्हणून आज शब्द मोडतो आहे. हे पत्र वाच आणि चुलीत घाल.

आपला संघ म्हणजे बेटांचा संघ. आपण तर बेटसुद्धा नाही, तरी त्यात आहोत. पाच फलंदाज पक्के आहेत, त्यांना हात लावायची कुणाची छाती नाही. उरली सहावी जागा. ती कुणाचीच नाही. टेस्ट ज्याच्या घरी, त्याच्या एका पोराला ती द्यायची, म्हणजे तिथले लोक तिकिटं काढतात आणि बाटल्या फेकत नाहीत. टेस्ट संपली की जागा पुढच्या बेटाला. आम्ही आपसात तिला पाहुण्याची खाट म्हणतो. रात्र काढायची, सकाळी आपली चादर घडी करून निघायचं.

बार्बेडोसचा ॲलीन मला गेल्या बैठकीत म्हणाला, "सिव, घे ना तुझा पोरगा. घरची टेस्ट आहे तुमची. आमच्या पोराच्या वेळी तू हात वर कर, झालं." माणूस वाईट नाही. तो हे, एखाद्याला पान वाढावं तसं म्हणाला.

आता ऐक. टेक या खाटेवर बसला आणि शून्यावर गेला, तर म्हणतील, पाहिलंत ना. आणि धावा केल्या, तर म्हणतील, घरच्या मऊ खेळपट्टीवर कोणीही करेल. दोन्हीकडून दार बंद. शिवाय हा उपकार घेतला की इंग्लंडच्या यादीच्या वेळी माझा हात बांधला गेला. म्हणून मी गप्प बसलो. आता त्याचं नाव न घेता मेच्या दौऱ्याच्या यादीत मोकळ्या हातानं घ्यायचं, असा माझा विचार होता. तिथं एका सामन्यावर फैसला नसतो, सगळा उन्हाळा मिळतो. ओल्या मॅटवर खेळव म्हटलं ते त्यासाठी. तिथं चेंडू तसाच येतो.

पण त्या यादीत मला यश येईल याची हमी नाही. माझं मत एकच. आणि मधे तुमची ती तारीख. म्हणून म्हटलं, कागद हातात ठेवा.

माझ्या फोटोचं म्हणशील तर तो याच खाटेवरचा आहे. मी एका डावात सतरा केले, दुसऱ्यात माझी पाळीच आली नाही. गावानं बँड आणला. मला वाटलं, आता सुरुवात झाली. लंडनला रेल्वेत नोकरी मिळत होती, दोनदा नाही म्हटलं, कारण पुढच्या यादीत नाव असेल. बारा हंगाम मी रेडिओजवळ बसून ऐकलं. कौसिल्या त्या वेळी स्वयंपाकघरातून बाहेर येत नसे. हे मी गावात कोणाला सांगितलं नाही. चेतराम इतक्या प्रेमानं फोटो पुसतो, त्याला काय सांगू?

अठरा तारखेला बैठक आहे. मी माझ्या मनानं ठरवत होतो, आता माझ्यानं होत नाही. तू बाप आहेस. तू सांगशील तसं करीन.

तुझा
सिवदत्त


लिटल होप
१५ मार्च

सिव भाय,

रामदेहोल उद्या पहाटे निघतो आहे, म्हणून थोडक्यात.

तुझं पत्र चुलीत घातलं. मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी लिहायला नको होतं.

काल बंधाऱ्यावर बसून होतो. समुद्र वर होता आणि आत गावाचं पाणी तुंबलेलं. दार उघडलं तर खारं पाणी शेतात शिरेल, नाही उघडलं तर भात कुजेल. अशा वेळी ओहोटीची वाट बघायची असते, हे मी लोकांना शिकवतो. पण ओहोटी येणार हे मला माहीत असतं. मे महिन्याचं कोणाला माहीत आहे?

टेकला तुझं पत्र दाखवलं नाही. इतकंच सांगितलं की चाचाच्या मनात तुझं नाव आहे. तो पायाला तेल चोळत होता, थांबला. म्हणाला, "एकाच टेस्टसाठी, की पुढंही?"

मी म्हटलं, "चांगला खेळलास तर पुढंही."

तो हसला. त्याची आई हसायची तसा. मग म्हणाला, "मग टोरांटोच्या फुआला कळवा पप्पा, बर्फ माझ्यासाठी ठेवू नको."

सिव, तू त्याचं नाव घे.

दूधनाथ


लिटल होप
४ एप्रिल

सिव भाय, सीताराम!

मैदानात तुला भेटायला आलो होतो. दारावरच्या माणसानं विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, सहाव्या नंबरचा बाप. तो म्हणाला, "रोज चार-पाच बाप येतात." मग मी लोकांत जाऊन बसलो. तू वर टाय बांधून बसला होतास. मान वळत होती, मी पाहिलं.

टोपी त्यानं एकदाच डोक्यावर घातली आणि मग काढून आत हात फिरवला, जणू कोणाची आधीची आहे का बघतो आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्याची वकिलातीतली वेळ होती. ती इमारत मैदानापासून चार गल्ल्यांवर आहे. साडेदहाला तो क्रीजवर होता. मी एकदा तिकडच्या छपरांकडे पाहिलं आणि मग पाहिलं नाही.

अडुसष्ट! पुढचा पाय पाहिलास? भिजलेल्या मॅटवरचा पाय होता तो. बाद झाला तेव्हा सगळं मैदान उभं राहिलं. माझ्या शेजारी एक म्हातारा शेंगदाणे खात बसला होता. म्हणाला, "तुझं पोरगं?" "माझं." "मग रडतोस कशाला? अडुसष्ट केले त्यानं!" आणि मूठभर शेंगदाणे माझ्या हातात कोंबले.

गावात काय झालं ते सांगत नाही, तुला माहीत आहे. तोच बँड. वाजवणाऱ्यांत दोघं जुनेच आहेत. चेतरामनं तुझा फोटो पुसला आणि शेजारी नवा खिळा मारला.

सिव, अडुसष्ट म्हणजे थोडे नाहीत. दुसऱ्या डावात एकतीस नाबाद. इतकं केल्यावर कोण कोणाला उठवतं? तू लिहिलं होतंस ते जुन्या काळचं असेल.

उत्तर लवकर दे.

दूधनाथ


किटी, जॉर्जटाउन
३० एप्रिल

दूधनाथ भाय, सीताराम.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर केला. आधी ब्रिजटाउनच्या टेस्टची यादी लागू दे म्हटलं, मग इंग्लंडची लागू दे म्हटलं. दोन्ही तू रेडिओवर ऐकल्या आहेस.

ब्रिजटाउनला बार्बेडोसचा पोरगा खेळणार हे ठरलेलंच होतं. त्यानं बेचाळीस केले. मी मेच्या दौऱ्याच्या यादीची वाट बघत होतो. इंग्लंडसाठी फलंदाजांत शेवटची जागा उरली तेव्हा मी टेकचं नाव घेतलं. अडुसष्ट सांगितले, एकतीस सांगितले, पाय सांगितला. ॲलीन म्हणाला, "पोरगा गुणी आहे, सिव. पण जॉर्जटाउनची खेळपट्टी तुम्ही रोटी थापता तशी सपाट." सगळे हसले. मीही हसलो. का हसलो, हे मला अजून कळलेलं नाही.

मग बार्बेडोसच्या त्या पोराचं नाव आलं. ॲलीननं माझ्याकडे पाहिलं. त्याचा हात माझ्यासाठी मार्चमध्ये वर गेला होता, आणि तोही आपल्या गावाला तोंड दाखवणारा माणूस आहे.

मी हात वर केला, दूधनाथ.

राजीनामा लिहिला होता. कौसिल्या म्हणाली, "तुम्ही निघालात तर तुमच्या जागी जो येईल त्याला लिटल होप कुठं आहे हे तरी ठाऊक असेल का?" म्हणून तो तसाच पडून आहे. राहिलो तर हे असं, गेलो तर तेही नाही.

टेकला सांगायचं की नाही हे तू ठरव. मला शिव्या द्यायच्या असतील तर पत्रात दे, मी वाचीन.

सिवदत्त


लिटल होप
८ मे

सिव भाय, सीताराम.

शिव्या नाहीत. तू मार्चमध्ये विचारलं होतंस आणि मी सांगितलं होतं. वकिलातीत दुसरी तारीख मिळते का, हेही मी विचारलं नाही. विचारली असती तर कदाचित मिळाली असती, असं वाटत होतं म्हणूनच विचारलं नाही. पोर घरी राहावं असं मला वाटत होतं. ते घरीच आहे.

चेतरामच्या दुकानात आता दोन फोटो आहेत. तुझा आणि त्याचा. टोप्या सारख्याच, खिळे मात्र वेगळे. नवा माणूस आला की चेतराम दोन्हींकडे बोट दाखवतो, "एका गावातून दोन! आहे कुठं असं?" परवा टेक तिथं रेडिओ ऐकायला उभा होता. घरी येताना वाटेत मला म्हणाला, "सिव चाचांनी किती केले होते?"

"सतरा."

"मी अडुसष्ट."

"हो."

थोडं चालल्यावर म्हणाला, "सतराला जितकं मिळालं तितकंच अडुसष्टला मिळालं, पप्पा." विचारलं नाही त्यानं, नुसतं म्हणाला. मी कंदील पुढे धरला, वाटेत पाणी होतं.

येत्या मंगळवारी अंगणात झेंडी लावायची आहे. नवस फेडायला हवा. पंडितजी येऊन गेले. म्हणाले, "दूधनाथ, देवानं दिलं की नाही?" दिलं. टोपी मागितली होती, टोपी दिली. मागताना त्यांनी मला सांगितलं होतं की नीट शब्दांत सांग. मी माझ्या मते नीटच सांगितलं होतं. आता पुढचं काय मागायचं, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, विचार करून सांगतो.

तू ये. कौसिल्या भौजींनाही आण, रिकामी बरणीही आण. लोक काही म्हणणार नाहीत, त्यांच्या दृष्टीनं तू गावाच्या पोराला टोपी दिलेली आहेस. बांबू रोवायला एका बाजूनं मी धरीन, दुसऱ्या बाजूनं तू धर.

आणखी एका कामासाठी ये. पहाटे मी कोकरवर निघतो तेव्हा टेक विहिरीवरून बादल्या आणून मॅटवर ओतत असतो. इंग्लंडची यादी लागून आठवडा झाला, तरी रोज ओततो, मग चांगली भिजलीय का ते अनवाणी पायानं चाचपतो. पुढचा पाय आता पुष्कळ लांब पडतो. थांब म्हणायला माझी जीभ उचलत नाही, आणि चालू ठेव असंही म्हणवत नाही. बारा हंगाम कसे जातात ते तुला माहीत आहे. तू आलास की पहाटे माझ्याबरोबर ऊठ, आणि यातलं काय म्हणायचं असतं ते त्याला तूच सांग.

तुझा
दूधनाथ